नोंदवहीतली माणसे

श्रोतेहो, नमस्कार. आज २ ऑगस्ट.

१९४४ साली याच तारखेच्या रात्री ऑश्विट्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीतला एक विभाग रिकामा करण्यात आला. त्यात रोमा आणि सिंती लोकांना ठेवले होते. आपण ज्यांना सरसकट जिप्सी म्हणतो, ते हे लोक; सिंती ही त्यांची जर्मनीत पिढ्यान्पिढ्या राहिलेली शाखा. या विभागात कुटुंबांची ताटातूट केलेली नव्हती. आजी, सून, नातवंडे एकाच बराकीत राहत. जे कामाला लावता येतील अशा धडधाकट माणसांना आधीच दुसऱ्या छावण्यांत हलवले होते. मागे उरले ते म्हातारे, आजारी, बायका आणि मुले. त्या रात्री सुमारे ४,३०० जणांना गॅसकोठड्यांत मारले.

हा विभाग जेमतेम दीड वर्ष चालला. तेवढ्यात सुमारे २३ हजार रोमा-सिंती तिथे आणले गेले आणि त्यांतले बहुतेक मेले. काही गॅसने, पण कितीतरी जण भुकेने आणि टायफसने. कुपोषणाने मुलांचे गाल आतून सडत जाण्याचा नोमा नावाचा रोग तिथे पसरला होता. कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा योसेफ मेंगेले याच विभागाचा डॉक्टर होता. आणि आणलेल्यांत जर्मन सैन्यात लढलेली माणसेही होती, सरळ रणांगणावरून उचललेली.

आपल्याकडे रोमांचा विषय निघाला, की ‘ते मूळचे आपलेच हो’ एवढ्यावर गप्पा संपतात. ते खरेही आहे. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी आणि नाकाला नाख म्हणतात. पण ही गोष्ट नाझी विद्वानांनाही ठाऊक होती, आणि ती त्यांची पंचाईतच होती. भारतातून आलेले, आर्य कुळातली भाषा बोलणारे लोक हलक्या रक्ताचे कसे ठरवायचे?

तोडगा काढला रॉबर्ट रिटर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने. त्याचे म्हणणे असे, की वाटेत या लोकांचे रक्त भेसळले. दहांतले नऊ जण मिश्र रक्ताचे, म्हणून जन्मजात गुन्हेगार. १९३६ पासून बर्लिनच्या आरोग्य खात्यात त्याचा वंशसंशोधन विभाग काम करू लागला. त्याची माणसे वस्त्यावस्त्यांत गेली. डोकी मोजली, डोळ्यांचे रंग लिहून घेतले, रक्ताचे नमुने घेतले, पणजोबांपर्यंतच्या वंशावळी मांडल्या. भटक्यांच्या नोंदींचे पोलीस कार्यालय म्युनिकमध्ये १८९९ पासूनच होते, तेव्हा पाया तयारच होता. जन्माने पोलिसांच्या वहीत चढणे म्हणजे काय, हे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सोसलेल्या आपल्याकडच्या विमुक्तांना वेगळे सांगायला नको. रिटरच्या विभागाने सुमारे २४ हजार माणसांवर तज्ज्ञ म्हणून अभिप्राय लिहिले. १६ डिसेंबर १९४२ रोजी नाझी पोलीसप्रमुख हिमलरने रोमा-सिंतींना ऑश्विट्झला पाठवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कोणाला न्यायचे हे ठरवायला हेच कागद हाताशी होते.

रिटरची सहायक एफा युस्टिन हिच्याबद्दल मी थोडे जास्त बोलणार आहे. तिला रोमांची भाषा येत असे, म्हणून लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलत. मुल्फिंगेन गावच्या एका कॅथलिक अनाथालयात सिंती मुले होती. त्यांचे आईबाप आधीच छावण्यांत डांबलेले. युस्टिन या मुलांना घेऊन खेळली, त्यांचे निरीक्षण केले आणि त्यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. अभ्यास चालू होता तोवर मुलांना तिथे राहू दिले. मे १९४४ मध्ये त्यांतल्या ३९ मुलांना ऑश्विट्झला पाठवले. चार वाचली. मला गॅसकोठडीपेक्षा हा प्रबंध जास्त छळतो, कारण तो तपासून कोणीतरी त्यावर सही केली असणार.

पूर्वेकडे मात्र कागदही नाही. पोलंड, सोव्हिएत प्रदेश, सर्बिया इथे रोमांना जंगलात, गावाबाहेर उभे करून गोळ्या घातल्या. नावे कोण लिहितो? म्हणूनच एकूण बळींचा आकडा अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितला जातो.

युद्ध संपले. रिटर फ्रँकफुर्ट महापालिकेच्या नोकरीत लागला, पाठोपाठ युस्टिनही. दोघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. नुकसानभरपाई मागायला गेलेल्या रोमांच्या अर्जांवर मत द्यायला बसत ते पुष्कळदा पूर्वीचेच पोलीस अधिकारी. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १९४३ च्या आधी झाले ते वांशिक छळात मोडत नाही, तो सुरक्षेसाठी केलेला बंदोबस्त होता. आणि हे लोक मुळात चोऱ्यामाऱ्यांकडे झुकणारे. म्हणजे रिटरचेच म्हणणे, न्यायाधीशांच्या सहीने. १९६३ मध्ये हा निकाल काहीसा बदलला, तोवर अनेकांचे अर्ज कायमचे फेटाळून झाले होते.

आणि रिटरचे ते कागद? ते संशोधकांच्या हातून हातात फिरत राहिले आणि शेवटी ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या तळघरात जाऊन पडले. ज्यांच्या वंशावळी त्यात होत्या, त्यांना ते पाहता येत नव्हते.

१९८० च्या ईस्टरला बारा सिंतींनी दाखाउ या जुन्या नाझी छावणीच्या आवारात उपोषण केले. त्यांत छावण्यांतून वाचलेले लोकही होते. पुढच्या वर्षी, १ सप्टेंबर १९८१ रोजी, सिंती आंदोलक ट्यूबिंगेनच्या त्या अभिलेखागारात जाऊन बसले. हे कागद सरकारी अभिलेखागारात गेल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. त्याच दिवशी कागद कोब्लेंझच्या सरकारी अभिलेखागाराकडे रवाना झाले. १७ मार्च १९८२ रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी रोमा-सिंतींच्या प्रतिनिधींना भेटून प्रथमच मान्य केले, की जे झाले तो वंशसंहार होता. युरोपीय संसदेने २ ऑगस्ट हा स्मृतिदिन ठरवला तो २०१५ मध्ये. त्याच वर्षी त्या न्यायालयाच्या अध्यक्षांनी १९५६ च्या निकालाची लाज वाटते, असे रोमांच्या प्रतिनिधींसमोर सांगितले. अर्ज फेटाळले गेलेल्यांपैकी बहुतेक जण ते ऐकायला उरले नव्हते.

नमस्कार.