रुक्मिणीच्या माहेरची वात

(पहाट. पऱ्हाटीवर दव. दूर कुठेतरी पंपाचा आवाज.)

दिवाळी तोंडावर आली आहे. सोयाबीन सोंगून, काढून घरात पडलं. तूर अजून हिरवीगार आहे. आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खालची बोंडं फुटली आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं हे माझ्या मामाचं वावर. काळी जमीन, कोरडवाहू. सगळी भिस्त पावसावर. जूनमध्ये लावलेली सरकी आज पहिल्यांदा हाताला येणार आहे.

पण वेचायला कुणी वाकलेलं नाही. आधी सीतादही.

मामी एका भरल्या झाडापाशी जागा साफ करते. हळद-कुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य ठेवते. मग तोच दहीभात मुठीमुठीनं तासांमधून, पऱ्हाटीच्या ओळींमधून, शिंपडत जाते. वावर असंच पांढरं फुलू दे, हे तिचं मागणं. सीता म्हणजे नांगराची तास. ज्या तासातून पीक वर आलं, तिला पहिला घास. आमच्या घरात देवाचे आभार मानतो असं कुणी म्हणत नाही. "तिचं पयले तिले द्या, मंग आपलं," एवढंच आजी म्हणते.

(आजीचे हात, अगदी जवळून.)

पहिली मूठ आजी वेचते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. सत्तर वर्षांच्या सवयीचा हात, तरी नखाशी रक्ताचा बारीक ठिपका उमटतोच. ती तो पदराला पुसते. हा कापूस विकायला काट्यावर जात नाही. घरी ओसरीत बसून ती एकेक सरकी बोटांनी सोडवते, कापूस पिंजते, दुधात बोट बुडवते आणि वात वळते. रोज थोड्या थोड्या. कार्तिक पौर्णिमेपर्यंत ३६५ व्हायला हव्यात, वर्षाच्या प्रत्येक दिवसाची एक.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाचा घात केला. वरून धड दिसणारं बोंड फोडावं, तर आत किडकी, पिवळी कवडी. मामा धुऱ्यावर नुसता बसून राहायचा. त्या वर्षीही आजी पांढरी बोंडं शोधत तासातासानं फिरली. मामा चिडून म्हणाला, "माय, आवंदा काय द्याचं देवाले?" ती म्हणाली, "माहेराले रिकाम्या हातानं जाते का कोणी?"

हे माहेर म्हणजे कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात. विदर्भराज भीष्मकाची लेक रुक्मिणी इथली. अंबिकेच्या दर्शनाला आली आणि इथूनच श्रीकृष्णानं तिला नेलं, अशी कथा. आषाढीसाठी याच गावातून तिची पालखी पायी पंढरपूरला निघते. आम्ही जातो कार्तिक पौर्णिमेला. दिवाळीला आलेल्या माझ्या मावश्या तोवर सासरी परतलेल्या असतात, पण या दिवसासाठी पुन्हा येतात. माझी आईसुद्धा. लेकी, जावई, नातवंडं, सगळे.

(ट्रॉली. मुलांचा गलका.)

पूर्वी बंडी जुंपून रात्रीच निघायचे. आता ट्रॅक्टरची ट्रॉली असते. तिच्यात सोयाबीनचं कुटार पसरायचं, त्यावर सतरंजी. डब्यात तिखट पुऱ्या, ठेचा, कांदे. मधल्या गावात कुणी ओळखीचं हात करतं, त्यालाही वर घेतात. या दाटीवाटीतच मावशी आईच्या कानात सासरचं काही सांगते, जे घरात सांगता येत नाही. मला तर वाटतं, अर्धी यात्रा ट्रॉलीतच होते.

वर्धेत आंघोळी होतात. नदीकाठच्या मंदिरात गर्दी. आजी वातींचा जुडगा तुपात भिजवून ठेवते. काडी ओढायला तिला माझ्या आईचा हात लागतो, बोटं आता थरथरतात. जुडगा आधी धुमसतो, मग एकदम पेटतो. दोघी हात जोडत नाहीत. नुसत्या बघत राहतात, चुलीपुढं बसल्यासारख्या.

परतीला ट्रॉली सुरू होते. आजी पदराची गाठ सोडून बघते, पुन्हा बांधते. आत एक वात आहे, ३६६ वी. "हे तुयशीची," ती म्हणते. "घरी गेल्यावर लावू."

(संध्याकाळ. दोन्ही बाजूंना पांढरी वावरं. उद्यापासून दुसरी वेचणी.)