पुढच्या वेळी पुन्हा विचारणार

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र, ओपीडी)

केसपेपरची रांग पार व्हरांड्यापर्यंत गेलीय. टेबलापलीकडचे काका दोन आठवडे खोकताहेत.

"काका, बिडी ओढता?"
"अधूनमधून."

हे ‘अधूनमधून’ प्रत्येक ओपीडीत ऐकू येतं. मुरलेला डॉक्टर त्यावर हुज्जत घालत नाही.

"सकाळी उठल्यावर पहिली कधी?"
"चहाबरोबर... आधीच म्हणा की."

उठल्यावर अर्ध्या तासात बिडी लागते, म्हणजे निकोटीनची पकड घट्ट आहे. इथं नुसतं ‘सोडून द्या’ पुरत नाही.

मग बोलणं फुकट जातं का? १९७९ साली मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. २८ फॅमिली डॉक्टर, दोन हजारांवर रुग्ण. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातले वर्षभर सिगारेटपासून लांब राहिले ०.३ टक्के. डॉक्टर एक-दोन मिनिटं बोलले, तिथं ३.३. वर माहितीपत्रक दिलं आणि ‘पुन्हा चौकशी होणार’ असं बजावलं, तिथं ५.१. आकडा लहान वाटतो खरा. पण खर्च किती? दोन मिनिटं!

आपल्याकडे तीही सगळ्यांना मिळत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, दवाखान्यात जाऊन आलेल्या भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडायचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांत तर ३१.७. आणि महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच कितीतरी जास्त.

(दृश्य: समुपदेशकाची खोली)

तंबाखू सोडताना तलफ भागवायला असतं ते निकोटीनचं च्युइंगगमही नीट समजावून द्यावं लागतं. तिखट झणझणी येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं. झणझणी गेली की पुन्हा चावायचं. चहा पिऊन लगेच घ्यायचं नाही. तंबाखू खाणाऱ्याला गालात दाबून ठेवायला मात्र शिकवावं लागत नाही!

(दृश्य: आशाताई वस्तीवर)

खोकला क्षयाचा निघाला, तर गोळ्या किमान सहा महिने चालतात. आशाताईंची फेरी होणारच असते. गोळ्यांबरोबर बिडीचीही चौकशी करायला वेगळी फेरी लागत नाही. बिडी सोडल्यावर तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त छळते, त्यामुळे ‘महिन्यानं या’ म्हणणं म्हणजे माणसाला ऐन वेळी एकटं सोडणं.

दवाखाना लांब असेल, तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून घेतात, आणि नंतर फोनही तेच करतात.