लेडी म्हणजे कणीक मळणारी

‘आला मोठा लाटसाहेब!’ घरात बसून हुकूम सोडणाऱ्याला आपण सहज म्हणतो. हा ‘लाट’ म्हणजे इंग्रजीतला लॉर्ड. इंग्रजांच्या राजवटीत गव्हर्नरांबरोबर तो इथे आला आणि लोकांच्या तोंडी झिजून लाट झाला. पण झिजणं त्याला नवं नव्हतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता ‘ह्लाफवेआर्द’. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. वेआर्द म्हणजे राखणदार. ज्याच्या घरातला पाव इतरांच्या पोटात जातो, तो धनी. पुढे झालं ‘ह्लाफोर्द’, मग लॉर्ड. पावाचा वास त्यातून पार उडून गेला.

आणि त्या धन्याकडे जेवणारा? तो ‘ह्लाफएता’, पाव खाणारा. इंग्लंडमधल्या केंट या जुन्या राज्याचा राजा एथेलबर्ट यानं सन 600च्या सुमारास कायदे लिहवून घेतले. इंग्रजीत लिहिलेले याहून जुने कायदे आपल्या हाती नाहीत. त्यात एक कलम आहे: शेतकऱ्याचा ‘पाव खाणारा’ कुणी ठार केला, तर भरपाई 6 शिलिंग. त्या गड्याची ओळख एवढीच, की तो कुणाचं अन्न खातो. हे कलम वाचताना पोटात कालवतं.

आता ‘लेडी’. मला सर्वांत जास्त लळा लागला तो या शब्दाचा. मूळ रूप ‘ह्लॅफदिये’. पुढचा भाग तोच, पाव. मागचा ‘दिये’ म्हणजे मळणारी. कणीक मळणारी बाई! आणि हा शब्द चुलीपाशी थांबला नाही. आल्फ्रेड राजाची मुलगी एथेलफ्लेड हिनं नवऱ्यामागे, 911 पासून 918 मध्ये डोळे मिटेपर्यंत, मध्य इंग्लंडमधलं मर्सियाचं राज्य चालवलं. गढ्या बांधल्या, 917 मध्ये डेन्मार्ककडून चाल करून आलेल्या डेन लोकांकडून डर्बी हे गाव जिंकून घेतलं. त्या काळच्या बखरीत तिचा किताब आहे ‘मर्सियन लोकांची ह्लॅफदिये’. सैन्य घेऊन निघालेल्या त्या बाईच्या किताबात परात होती, पीठ होतं.

तो ‘दिये’ आपल्यालाही परका नाही. लिंपणं, थापणं या अर्थाचा संस्कृतातला ‘दिह्’ धातू त्याच्याच कुळातला. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत ‘डो’ म्हणतात, तोही त्याच घरचा. आणि त्या ‘दिह्’वरून आला आपला रोजचा शब्द: देह.