बुडाखालचा भुंगा

(पुतळी हातात उलटी होते. बुडाचा क्लोज-अप.)

जाणकार माणूस ही जर्मन हुमेल पुतळी हातात आली की आधी उलटी करतो. चेहरा नंतर. बुडावर व्ही अक्षर आणि त्यात उडणारा भुंगा, म्हणजे माल साधारण १९५० च्या दशकातला. भुंग्याला जर्मनमध्ये म्हणतात हुमेल. शेजारी कोरलेली सहीही त्याच नावाची.

बेर्टा हुमेल, बव्हेरियातल्या मासिंगची. म्युनिकला चित्रकला शिकली आणि १९३१ मध्ये झीसेनच्या मठात नन व्हायला गेली. तिथं तिचं नाव झालं मारिया इनोसेन्शिया. तिनं काढलेल्या लहान मुलांची कार्डं कारखानदार फ्रान्झ गोबेलच्या नजरेस पडली. १९३५ च्या लाइपझिग व्यापारी जत्रेत पहिल्या पुतळ्या मांडल्या गेल्या.

(साच्यात माती ओतताना.)

आता हे नीट बघा. डोकं एका साच्यात, हात दुसऱ्यात, छत्री तिसऱ्यात. मातीची पातळ राबडी आत ओतायची. साच्याचं प्लॅस्टर पाणी शोषतं, कडेला साय धरते, उरलेली राबडी साचा पालथा करून काढायची. म्हणून पुतळी आतून पोकळ. ओले तुकडे त्याच राबडीनं जोडायचे, सांधे ब्रशनं पुसायचे. आणि हे टाचणीएवढं भोक? मुद्दाम ठेवलंय. तापलेली हवा बाहेर पडली नाही, तर भट्टीत पुतळी फुटते. मग पहिली भट्टी, झिलई, दुसरी भट्टी, आणि शेवटी रंग. भुवयांची आखणी, गालावरची लाली, सगळं हातानं.

(मठाचं जुनं छायाचित्र.)

१९३७ मध्ये नाझींच्या वृत्तपत्रानं या गुटगुटीत पोरांची टर उडवली, १९४० मध्ये मठही बळकावला. १९४६ मध्ये क्षयानं ती गेली. वय ३७.

युद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी या पुतळ्या घरी नेल्या आणि तिकडं काचेची कपाटं भरू लागली. १९७७ मध्ये संग्राहकांचा क्लब निघाला. क्रमांक, शिक्के, दरांची पुस्तकं! घात इथंच झाला, असं मला वाटतं. लोक चेहरा सोडून बूड बघायला लागले.

पुढच्या पिढीला ते कपाटच नको होतं. ऑनलाइन लिलावात ढीग लागले, भाव कोसळले, २००८ मध्ये गोबेलनं उत्पादन थांबवलं. गोबेलच्या कारखान्याच्या गावी, रोडेंटालमध्येच, दुसऱ्यांनी ते पुढं थोडंफार चालवलं.

(पुतळी पुन्हा सरळ.)

ही छत्रीखाली बसलेली मुलगी. डाव्या गालावर लाली जरा जास्त आहे. रंगवणाऱ्याचा हात तिथं थोडा जड पडलाय.