सांडलेले पाणी आणि ताऱ्यांचा तक्ता

शिक्षक मित्रहो,

'मुलांना दयाळूपणा शिकवणे' हा विषय मला देण्यात आला, आणि पहिली अडचण त्या शब्दापाशीच आली. मराठीत दया बहुधा वरून खाली येते. दया करणारा उभा असतो आणि घेणाऱ्याचा हात पसरलेला असतो. 'दया करा' असे आपण बरोबरीच्या माणसाला म्हणत नाही. शाळेत आपल्याला हवे आहे ते याहून साधे आणि अधिक अवघड आहे: शेजारी बसणाऱ्याचे काहीतरी बिनसले आहे हे लक्षात येणे, आणि लक्षात आल्यावर स्वस्थ न बसवणे. म्हणून मी आज 'आपुलकी' हा शब्द वापरणार आहे. त्यात 'आपला' आहे, आणि मुलाच्या मनाच्या स्वास्थ्याचा प्रश्न फिरून फिरून 'इथे मला आपला कोण म्हणतो?' याच प्रश्नापाशी येतो.

काही वर्षांपूर्वी मी एका चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास पाहत होतो. भिंतीवर मुलांच्या नावांचा तक्ता होता आणि प्रत्येक चांगल्या कृतीबद्दल नावापुढे एक सोनेरी तारा चिकटवला जात असे. तास चालू असताना एका मुलीची पाण्याची बाटली कलंडली आणि शेजारणीच्या चित्रकलेच्या वहीवर पाणी पसरले. दोन बाकांपलीकडचा एक मुलगा फडके घेऊन लगेच उठला, पण अर्ध्या वाटेत थांबला. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. त्या वळेपर्यंत तो फडके हातात धरून तसाच उभा राहिला, आणि तेवढ्या वेळात पाणी वहीच्या चार पानांत मुरले. मुलगा वाईट नव्हता. त्याला तक्ता नीट समजला होता, इतकेच.

हा प्रसंग मला विसरता येत नाही, कारण त्या मुलाला मदत करायला कोणी शिकवायची गरजच नव्हती. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जेमतेम दीड वर्षाची मुले होती. अनोळखी माणसाच्या हातून एखादी वस्तू पडली आणि त्याचा हात पोहोचेना, तर यातली बरीचशी मुले न सांगता ती उचलून देत. याच दोघांनी २००८ साली पुढचा प्रयोग मांडला. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल प्रत्येक वेळी खेळण्याचे बक्षीस दिले, काहींची फक्त स्तुती केली आणि काहींना काहीच दिले नाही. नंतर बक्षिसे थांबवली, तेव्हा बक्षीस मिळालेल्या मुलांची मदत इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. आपण जे रुजवायला निघालो आहोत ते मुलांत आधीपासून उगवलेले असते, आणि तारे चिकटवता चिकटवता आपणच ते उपटत असू, ही शक्यता तरी आपण मान्य केली पाहिजे.

मग शाळेने काहीच करायचे नाही का? करायचे, पण गुण देऊन नव्हे. कॅनडातील व्हँकूवर शहरात ९ ते ११ वर्षांच्या, १९ वर्गांतील चारशेहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना चार आठवडे, दर आठवड्याला कोणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायला सांगितले, तर बाकीच्यांना तीन ठिकाणी जाऊन यायला सांगितले. मुलांचे समाधान दोन्ही गटांत वाढले. इथे आपुलकीने काही जादू केली असे म्हणता येत नाही आणि तसे म्हणूही नये. फरक पडला तो वर्गातल्या स्थानात. ज्यांनी दुसऱ्यांसाठी काही केले, त्यांना आपल्याबरोबर घ्यायला अधिक सहाध्यायी तयार झाले. एकटे पडलेल्या मुलासाठी याची किंमत किती आहे, हे खेळाचे गट पाडताना शेवटी उरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पालक लगेच विचारतात, 'मग अभ्यासाचे काय?' त्याचे उत्तर थोडक्यात देतो. भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या शाळांतील २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाख सत्तर हजारांवर विद्यार्थी होते, आणि उपक्रमात सहभागी झालेल्यांची शैक्षणिक कामगिरी सरासरी ११ पर्सेंटाइलने, म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत अकरा जागांनी, वर गेली होती. अभ्यासाचे नुकसान होत नाही.

मला स्वतःला याहून मोलाचा वाटतो तो १९७१ सालचा एक प्रयोग, कारण त्यात आपुलकी हा शब्दसुद्धा मुलांपुढे उच्चारावा लागला नाही. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात तोवर वेगळ्या शिकणाऱ्या गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात आणले होते, आणि वर्गांत धुमसत होते. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी धडाच फाडला. पाच-सहा मुलांचा एक गट, आणि प्रत्येकाच्या हाती धड्याचा एकच तुकडा. चाचणी मात्र संपूर्ण धड्यावर. जो मुलगा अडखळत बोलतो त्याच्याकडेच तिसरा तुकडा आहे म्हटल्यावर त्याला हसून कोणाचाच फायदा नव्हता. त्याला धीर देऊन, नेमके प्रश्न विचारून बोलते करावे लागे. मुले आधी गरजेपोटी सौजन्याने वागली आणि त्यातून हळूहळू एकमेकांना आवडू लागली. आधी मनात भाव, मग कृती, हा क्रम आपण उगाचच गृहीत धरतो.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी छळाच्या प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे लक्ष छळणारा आणि सोसणारा या दोघांपेक्षा भोवतालच्या घोळक्याकडे गेले. कोणी हसतो, कोणी साथ देतो, कोणी नजर चुकवून निघून जातो. मधे पडणारे थोडेच असतात. त्यावरून तयार झालेला किवा हा शाळेतला छळ रोखण्याचा कार्यक्रम घोळक्यातल्या मुलांवर काम करतो. हा घोळका नेहमी मैदानावर जमतो असेही नाही. मुलाचे उत्तर चुकते, आपण खडू हातात धरून 'एवढेही येत नाही?' म्हणतो, आणि वर्ग हसतो. त्या क्षणी आपण चाळीस मुलांना हसण्याची परवानगी दिलेली असते.

तीच गोष्ट 'सॉरी म्हण' या आपल्या लाडक्या आज्ञेची. मारणारा भिंतीकडे पाहून शब्द टाकतो, मार खाल्लेल्याला 'जाऊ दे आता, हात मिळव' असे सांगितले जाते, आणि दोन मिनिटांत प्रकरण मिटते. मिटते ते आपल्यापुरते. ज्याला लागले त्याला मात्र आपला राग गैर होता, असा धडा मिळतो. त्यापेक्षा 'काय केलेस तर याला बरे वाटेल, ते यालाच विचार' एवढे सांगून थोडे थांबावे.

अर्थात थांबायला सवड लागते, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जिथे शिक्षकांशी दिवसभर वरच्या पट्टीत बोलले जाते, तिथे त्यांनी वर्गात खालच्या पट्टीत बोलावे, ही अपेक्षा मुख्याध्यापकांनी स्वतःपासून तपासून पाहावी.

सुरुवात कोठून करावी, असे आज येताना एका शिक्षिकेने मला विचारले. व्हँकूवरच्या अभ्यासात मुलांना वर्गाची यादी देऊन, शाळेतल्या कामात ज्यांच्याबरोबर राहायला आवडेल त्यांच्या नावांभोवती गोल करायला सांगितले होते. हे कोणालाही एका तासात करता येईल. ज्या नावाभोवती एकही गोल नसेल ते नाव कोणाला सांगू नका, पालकसभेत तर नाहीच. कागद खणात ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाकडे असे एखादे काम द्या की ज्यासाठी चार जणांना त्याच्याकडे यावे लागेल: प्रयोगाचे साहित्य वाटणे असेल, नकाशांची पेटी सांभाळणे असेल. तीन महिन्यांनी तीच यादी पुन्हा वाटा, आणि कागद गोळा झाले की आधी ते एकच नाव शोधा.