वळीव आणि धाप

(दृश्य: वाळत चाललेलं उंच गवत. मागे काळं आभाळ.)

21 नोव्हेंबर 2016, सोमवार. मेलबर्न. दिवसभर पारा 35 अंशांच्या आसपास. संध्याकाळी वारा फिरला, ढग गडगडले. असा गार वारा सुटला की आपण खिडक्या उघडून उभे राहतो, वळवाचा वास घ्यायला. त्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये हाच वारा लोकांच्या छातीत भरला.

पुढच्या 30 तासांत श्वासाच्या तक्रारीचे नेहमीपेक्षा 3,000 हून जास्त रुग्ण दवाखान्यांत आले. 10 जण दगावले.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली परागकण.)

शहराबाहेर रायग्रासची कुरणं आहेत. या गवताचा परागकण तसा मोठा, नाकातच अडकतो. शिंका, डोळ्यांना खाज, बस्स. पण वादळाने उचललेल्या कणाला ओल लागली की तो फुगून फुटतो. एका कणातून सुमारे 700 पिष्टकण सुटतात आणि ते इतके बारीक की नाकाला चकवून थेट खोलवरच्या श्वासनळ्यांत जातात. तिथलं अस्तर सुजतं, भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. श्वास कसाबसा आत जातो, बाहेर मात्र निघत नाही. शिट्टीसारखी ती घरघर यातूनच येते.

आलेल्यांपैकी अनेकांना कधीच दमा नव्हता. म्हणजे, तसं त्यांना वाटत होतं. दर वसंतात शिंका मात्र बहुतेकांना यायच्या. ‘मला फक्त सर्दी होते हो!’ हे वाक्य आपल्याही घरोघरी ऐकू येतं. भारतीय वंशाचे रुग्ण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. परदेशी गेल्यावर काही वर्षांनी तिथल्या गवताची ॲलर्जी जडू शकते.

आपल्याकडे दमेकऱ्याला विचारा, दमा कशाने? फोडणीचा ठसका, उदबत्ती, गोधडीतली धूळ, पावसाळी भिंत. ही झाली निमित्तं. मूळ वेगळंच: आनुवंशिकता, ॲलर्जीचा कल आणि त्रास नसतानाही आत धुमसणारी सूज. धाप लागल्यावर ओढायचा निळा पंप (इन्हेलर) आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सुजेला हात लावत नाही. त्यासाठी रोजचा पंप वेगळा. बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात.

(दृश्य: मोबाइलवर हवामानाचा अंदाज.)

2017 पासून मेलबर्नमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबरात अशा वादळी दम्याचा अंदाज रोज जाहीर होतो. धोका मोठा असला की खिडक्या बंद, आणि पंप खिशात.