जुनी जगं पुन्हा उघडताना

मित्रहो, आज बोलायचं आहे ते रोलप्लेइंग खेळांमधल्या, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत जाण्याच्या खेळांमधल्या, जुन्या जगांबद्दल. ग्रेहॉक, फरगॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, ग्लोरँथा. यातल्या काहींनी चाळिशी ओलांडली आहे, ग्लोरँथासारखं एखादं जग तर पन्नाशीचं आहे. गेल्या काही वर्षांत ही जगं एकेक करून पुन्हा छापली जात आहेत. ती आली की एकाच टेबलाभोवती दोन तऱ्हेचे खेळाडू जमतात. एकाला तिथल्या राजांची वंशावळ पाठ असते. दुसऱ्याने त्या जगाचं नाव आत्ताच ऐकलेलं असतं. दोघांना एकत्र खेळवायचं कसं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुनं जग परत आणायचं असेल तर त्याचा इतिहास वाढवत नेऊ नका. त्यात जी मोकळी जागा होती, ती खेळाडूंना परत द्या.

मोकळी जागा म्हणजे काय, ते ग्रेहॉकवरून कळेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. ग्रेहॉक हे गायगॅक्सच्या स्वतःच्या टेबलावरचं जग. ते विकत मिळायला १९८० साल उजाडलं. त्यात होतं काय? बत्तीस पानांची पुस्तिका आणि डार्लीन या चित्रकर्तीने काढलेला, दोन मोठ्या तावांवर पसरलेला षट्कोनी चौकटींचा नकाशा. एक चौकट म्हणजे तीस मैल. एवढ्या मोठ्या भूमीतल्या कित्येक राज्यांच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद आला होता. राज्य कोणाचं, लोकसंख्या किती, जमिनीतून काय निघतं, शेजाऱ्यांशी वैर आहे की सलोखा, एवढंच. तिथल्या कालगणनेतलं वर्ष ५७६. सगळीकडे तणाव आहे, सैन्यं सीमेवर आहेत, पण युद्ध अजून पेटलेलं नाही. ते पेटवायचं की टाळायचं, हे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, आणि त्याच्या खेळाडूंनी ठरवायचं. त्यामुळे टेबलागणिक ग्रेहॉक वेगळं घडलं, आणि त्यातलं कोणतंच चुकीचं नव्हतं.

मग १९९१ साली टीएसआर या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशक कंपनीने ते युद्ध स्वतःच लढून टाकलं. पुढच्या वर्षी युद्धानंतरचं, ५८५ सालातलं ग्रेहॉक बाजारात आलं. कार्ल सार्जंटचं ते लेखन मला मनापासून आवडतं. उद्ध्वस्त सीमाप्रदेश, निर्वासित, संशयाने पोखरलेले दरबार, हे सगळं त्याने ताकदीने उभं केलं आहे. पण ज्या टेबलावर ते युद्ध खेळाडूंनी टाळलं होतं, त्या टेबलाला हे पुस्तक काय देणार? आणि नव्याने येणाऱ्याला आता दोन इतिहास वाचावे लागणार, युद्धाआधीचा आणि नंतरचा. जुना दुखावला आणि नवा दबला. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ग्रेहॉक नमुन्याचं जग म्हणून परत आलं, तेव्हा लेखकांनी काळ पुन्हा ५७६ वर नेऊन ठेवला. काही जुन्या चाहत्यांना ती माघार वाटली. माझ्या मते अलीकडच्या वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

फरगॉटन रेल्म्सची कथा याहून लांबलेली. एड ग्रीनवुडचं हे जग १९८७ मध्ये राखाडी खोक्यातून आलं. पुढे खेळाचे नियम बदलले की त्या जगावर एखादं संकट कोसळायचं, कारण नियम का बदलले याचं कारण कथेत हवं होतं. १९८९ मध्ये देव पृथ्वीवर उतरले. २००८ मध्ये जादूचं जाळंच फाटलं आणि काळ एका झटक्यात सुमारे शंभर वर्षं पुढे गेला. ज्या पात्रांबरोबर लोक वीस वर्षं खेळत होते, त्यातली बरीच म्हातारपणाने मरून गेली होती. काही वर्षांनी आणखी एक मोठी उलथापालथ घडवून त्यातलं बरंच काही मागे घ्यावं लागलं. नियमांच्या सोयीसाठी जगाला असं हलवणं मला पटत नाही. नियम बदलले तर बदलले. नव्या पुस्तकात जादूगार वेगळ्या पद्धतीने मंत्र म्हणतो, एवढं मान्य करायला कोणत्याही टेबलाला देवाचा बळी लागत नाही.

याच जगातल्या सेंबिया या देशाचं उदाहरण पाहा. सुरुवातीला तो प्रदेश मुद्दाम डीएम लोकांसाठी राखून ठेवला होता: इथे आम्ही काही लिहिणार नाही, तुम्ही लिहा. किती उदार कल्पना! पुढे त्याच सेंबियावर कादंबऱ्यांची मालिका निघाली. राखीव रान होतं, तिथे वस्ती झाली. कादंबऱ्या वाईट होत्या असं मी म्हणत नाही, पण डीएमच्या हातातली एक गोष्ट त्यांनी काढून घेतली.

कादंबऱ्यांनी सर्वांत जास्त नुकसान केलं ते डार्क सनचं. १९९१ साली आलेलं हे जग म्हणजे अथास नावाचं करपलेलं वाळवंट. देव नाहीत. धातू इतका दुर्मीळ की तलवारी हाडाच्या आणि ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेच्या, नाणी भाजलेल्या मातीची. जादू केली की आसपासची झाडं-झुडपं राख होतात. नगरांवर जादूगार राजांची सत्ता, आणि त्यांना कोणी हात लावू शकत नाही. अशा जगात पहिला प्रश्न कोणता पडेल? यातल्या एखाद्या राजाला कोण पाडेल? त्याचं उत्तर त्याच वर्षी, पहिल्याच कादंबरीत मिळालं, आणि राजाला पाडणारी पात्रं लेखकाची होती. मालिका संपेपर्यंत खुद्द ड्रॅगनही मेला. टेबलावरच्या नायकांना उरलं काय? दुसऱ्यांनी गाजवलेल्या पराक्रमाच्या बातम्या ऐकणं.

म्हणून डार्क सनची २०१० ची आवृत्ती मी पुनरुज्जीवनाचा वस्तुपाठ मानते. तिथे काळ पुन्हा त्या पहिल्या राजाच्या मृत्यूपाशी आणला गेला. एक नगर नुकतंच मोकळं झालंय, बाकीची अजून जोखडाखाली, आणि पुढचं सगळं खुलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नियमांनी जगाची अट मानली. अथासवर देव नाहीत, तर देवांकडून शक्ती घेणारे पात्रांचे वर्ग बाजूला ठेवा, असं पुस्तकाने स्पष्ट सांगितलं. जादूची शस्त्रं दुर्मीळ असली की लढाईच्या गणितात तूट येते. ती भरायला पात्राच्या पातळीबरोबर आपोआप वाढणारे बोनस वापरा, असा मार्ग दिला. कोणत्याही जगाची ओळख तिथे काय नाही यावर ठरते. ‘सगळ्या पुस्तकांतले सगळे पर्याय इथेही चालतील’ असं म्हटलं की विक्रीला सोपं जातं, पण नव्या खेळाडूला मग कळतच नाही की हे जग शेजारच्या जगापेक्षा वेगळं कशाने आहे. ड्रॅगनलान्समध्ये ऑर्क, म्हणजे इतर जगांत हमखास भेटणारे राक्षसी योद्धे, नाहीत आणि सोन्यापेक्षा पोलादाचं नाणं मोलाचं, या दोन वाक्यांत नवखा माणूस जितका आत ओढला जातो, तितका पन्नास पानांच्या इतिहासाने ओढला जात नाही.

एबेरॉनच्या कर्त्याने, कीथ बेकरने, ही सगळी दुखणी आधीच ओळखली होती. नवं जग शोधायला २००२ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत अकरा हजारांहून अधिक प्रस्ताव आले होते. त्यातून निवडलेलं हे जग २००४ मध्ये प्रकाशित झालं. तिथली कथा ९९८ सालात सुरू होते. २००९ मध्ये नव्या नियमांची आवृत्ती आली, २०१९ मध्ये आणखी एक आली, साल मात्र ९९८ च राहिलं. कादंबऱ्यांमधल्या घटना खेळावर बंधनकारक नाहीत. सायर नावाचा एक अख्खा देश एका दिवसात नष्ट झाला, आणि तो का झाला याचं अधिकृत उत्तर कोणत्याही आवृत्तीने दिलेलं नाही. ते तुमच्या टेबलाचं. या जगाचं वय दिसत नाही, ते यामुळे.

आता कोणी म्हणेल, काळ पुढे न्यायचाच नाही का? न्यावा, पण खेळाडूला सोबत घेऊन. ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथाने हे करून दाखवलं. रूनक्वेस्ट हा त्या जगातला खेळ १९७८ चा. २०१८ च्या आवृत्तीत कथा पुढे सरकून १६२५ सालात सुरू होते. मधली वर्षं मात्र धडा म्हणून वाचायला दिलेली नाहीत. पात्र तयार करताना फासे टाकत तुम्ही आधी आजी-आजोबांचं, मग आई-वडिलांचं, मग स्वतःचं आयुष्य वर्षावर्षाने उलगडता. आजोबा कोणत्या लढाईत पडले, आईने कोणाशी वैर धरलं, तुमचा जीव कुठे थोडक्यात वाचला. अर्ध्या तासात नव्या खेळाडूला त्या जगाचा इतिहास ठाऊक होतो, कारण तो त्याच्या घरातला असतो. जुन्या खेळाडूला माहीत असलेल्या लढाया त्याला घराण्याच्या जखमा म्हणून परत भेटतात. मला तर ही युक्ती प्रत्येक जुन्या जगाने उचलावी असं वाटतं.

जुन्यातलं काय बदलायचं, यावर वाद होतात. रेव्हनलॉफ्टचं १९८३ चं साहस, म्हणजे टेबलावर खेळायची तयार कथा, २०१६ मध्ये मोठ्या रूपात परत आलं, तेव्हा त्यातल्या विस्तानी लोकांचं चित्रण रोमा समाजाबद्दलच्या जुन्या हिणकस समजुतींवर बेतलेलं राहिलं होतं. टीका झाली आणि २०२० मध्ये तो मजकूर सुधारला गेला. योग्यच झालं. त्याने स्ट्राड या तिथल्या रक्तपिपासू खलनायकाचा किल्ला तसूभरही कमी भयाण झाला नाही. आणि दोष फक्त जुन्या लेखनात असतो असंही नाही. २०२२ मध्ये स्पेलजॅमर हे अवकाशात जहाजं चालवण्याचं जुनं जग परत आलं, त्यात हाडोझी या वानरसदृश लोकांसाठी गुलामगिरीची नवीच पूर्वकथा लिहिली गेली होती. ती महिन्याभरात काढावी लागली. पण अथासच्या नगरांत गुलामगिरी आहे, म्हणून ते जगच बंद ठेवावं, हे मला मान्य नाही. तिथे ती अन्याय म्हणूनच उभी केलेली आहे, आणि तो मोडायलाच पात्रं घराबाहेर पडतात. खऱ्या माणसांना कमी लेखणारं लेखन काढा. खलनायकांची क्रूरता राहू द्या. दोन्हींत गल्लत करू नका.

नव्या माणसाला आत आणायचं तर दार लहान हवं. १९८१ च्या ब्रिटिश साहसात एक मासेमारीचं गाव होतं, सॉल्टमार्श, आणि गावाबाहेर भुताटकीचं म्हणून बदनाम झालेलं घर. २०१९ मध्ये ते साहस नव्या नियमांत आलं, तेव्हा गावातच दोन तट दाखवले: राजाचा अंमल यावा म्हणणारे, आणि पूर्वापार चाललेली चोरटी वाहतूक तशीच राहावी म्हणणारे. वरून मदतीचा आव आणणारे परके हेर. हे ग्रेहॉकच आहे, पण खेळाडूला ते नाव माहीत असण्याची गरज नाही. त्याला गाव कळतं, भांडण कळतं, ते घर खुणावतं. बाकीचं खंडभर पसरलेलं राजकारण हळूहळू त्याच बंदरात येऊन लागेल.

आणि तुमच्या टेबलावर एखादा जुना जाणकार असेल, तर त्याचं ज्ञान गप्प बसवू नका. पहिल्या बैठकीआधी त्याच्याकडून त्याच्या जुन्या कॅम्पेनमधल्या, म्हणजे अनेक बैठकी चाललेल्या खेळातल्या, दोन-तीन घटना लिहून घ्या. त्या या जगात अफवा म्हणून पेरा: खानावळीत सांगितली जाणारी गोष्ट, एखाद्या थडग्यावरचं नाव, कोणी शपथेवर सांगतो आणि कोणी खोटं म्हणतो असं काहीतरी. खरं काय ते कोणालाच माहीत नसेल, जाणकारालाही नाही. मग पुढच्या बैठकीत नवा खेळाडू त्या अफवेचा माग काढत निघेल, आणि जुना त्याच्याबरोबर जाईल.